स्नोमोबाईल घेतली, आता अ‍ॅव्हलांचचा म्हणजे हिमस्खलनाचा कोर्स आधी की एअरबॅग आधी?

निळी_शाल

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगते म्हणजे नीट सल्ला देता येईल.

आम्ही कॅनडात कॅलगरीला असतो, सहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात नवऱ्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी सेकंडहँड स्नोमोबाईल घेतल्या, तिघांच्या तीन. इथे सगळे स्लेडच म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. हिवाळाभर सपाटीवरच्या ट्रेलवर चालवल्या, मी मागे बसले, दोनदा स्वतःपण चालवली, आवडलं मला, खोटं कशाला बोलू. आता यंदा तिघांचं ठरतंय की फेब्रुवारीत फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकला जायचं, डोंगरावर, खऱ्या पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात.

तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलाय. आपण बर्फात वाढलेली माणसं नाही. मी मूळची चिपळूणची, घाटात पावसाळ्यात दरड कुठे येते ते आम्हाला लहानपणापासून माहीत, कुठे गाडी थांबवायची नाही हेपण माहीत, पण बर्फाचा डोंगर बघून मला काहीच कळत नाही. पांढरा दिसतो, सुंदर दिसतो, बस.

नवऱ्याने बीकन (गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं असा सेट घेतलाय आणि म्हणतो झालं, तयारी झाली. आता त्याला एअरबॅगवाली, म्हणजे बर्फ अंगावर आल्यावर हँडल ओढून फुगवायची बॅग घ्यायचीय, ती हजार डॉलरच्या वर जाते. मी म्हणते तेवढ्या पैशात आधी कोर्स करा. तो म्हणतो कोर्स स्कीवाल्यांसाठी असतात, आम्ही व्हिडिओ बघू. दुसरा मित्र कोर्सला तयार आहे, तिसरा म्हणतो मला दोन दिवस सुट्टी मिळणार नाही, तुम्ही शिका आणि मला सांगा.

तर प्रश्न असे की कोर्समध्ये नक्की काय शिकवतात आणि स्लेडवाल्यांना त्याचा उपयोग होतो का, पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी काय, आणि एकाने शिकून बाकीच्यांना सांगितलं तर चालतं का. कोणी केला असेल तर प्लीज लिहा. मला भांडण करायचं नाहीये घरात, पण गप्पही बसवत नाही.

---

वजा_तीस

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाही, चालत नाही.

बीकन गळ्यात घातला की आपण सुरक्षित झालो असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण तुमच्या नवऱ्याच्या अंगावरचा बीकन काय करतो, तर तो बर्फाखालून सिग्नल देत राहतो. तो सिग्नल पकडून, प्रोब मारून, दीड मीटर घट्ट बर्फ उपसून त्यांना बाहेर काढणार कोण, तर तो तिसरा मित्र ज्याला सुट्टी मिळत नाहीये. रेस्क्यू टीमला फोन लावून हेलिकॉप्टर यायला तास दीड तास सहज जातो, हवा खराब असेल तर येतही नाही. हातात दहा पंधरा मिनिटं असतात. म्हणजे तिघांतला जो सगळ्यात कमी शिकलाय त्याच्या हातात बाकी दोघांचा जीव. हे वाक्य तिघांना एकत्र बसवून सांगा.

मी ओकानागनमध्ये असतो, स्लेडिंगचा हा माझा अकरावा सीझन. पहिले चार सीझन मी कोर्स न करता फिरलो. चौथ्या सीझनला काय झालं ते सांगतो. एका बाऊलमध्ये, म्हणजे डोंगरातल्या वाटीसारख्या खोलगट भागात, आम्ही चौघं होतो, एक मित्र वर चढवत गेला आणि उताराच्या मध्यावर त्याची स्लेड रुतली. मी खाली उभा होतो, म्हटलं जातो मदतीला, आपल्याकडे कसं गाडी चिखलात फसली की चार जण धावतात तसं. त्याच्यापासून पंचवीस तीस फुटांवर पोचलो, इंजिन बंद केलं, खाली उतरलो, आणि पायाखालून आवाज आला, धप्प, माळ्यावरून गादी खाली पडावी तसा. आणि माझ्या डाव्या बाजूने एक रेघ पळत गेली बर्फात, काच तडकते तशी. दोन सेकंद काहीच नाही. मग तो सगळा उतारच रेघेखालून सुटला. आम्ही दोघं कडेला होतो म्हणून, मी मांडीपर्यंत गाडला गेलो आणि तो कमरेपर्यंत, स्लेड मात्र खाली झाडांत जाऊन तिच्या दांड्यांचा चक्काचूर. माझा बीकन तेव्हा बॅगेत होता, बॅग स्लेडच्या मागे बांधलेली. म्हणजे मी पूर्ण गाडला गेलो असतो तर लोकांनी माझ्या स्लेडला शोधून काढलं असतं.

त्याच महिन्यात कोर्स केला. आणि पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरने जे नियम सांगितले त्यातले तीन आम्ही त्या एका दुपारी मोडले होते. उतारावर एका वेळी एकच जण. कोणी रुतला तर त्याने स्वतः सोडवून घ्यायचं, वर दुसरी स्लेड न्यायची नाही, कारण दोन स्लेडचं आणि दोन माणसांचं वजन एकाच जागी पडतं. आणि बीकन अंगावर, कपड्यांच्या आतल्या थरात, बॅगेत कधीच नाही. प्रोब आणि फावडंही पाठीवरच्या बॅगेत, स्लेडच्या डिकीत नको, कारण स्लेड आणि तुम्ही एकाच ठिकाणी सापडाल याची काय खात्री.

आता कोर्सचं. कॅनडात अ‍ॅव्हलांच कॅनडा म्हणून संस्था आहे, ऑफिस रेव्हलस्टोकलाच, अंदाज तेच देतात आणि कोर्सचा अभ्यासक्रमही त्यांचाच. पहिला कोर्स एएसटी १, म्हणजे अ‍ॅव्हलांच स्किल्स ट्रेनिंगचा पहिला टप्पा, साधारण एक दिवस वर्गात आणि एक दिवस डोंगरावर. आणि नवऱ्याला सांगा, स्लेडवाल्यांसाठी वेगळी बॅच असते, इन्स्ट्रक्टर स्वतः स्लेडवर, तुम्हीपण आपापल्या स्लेडवर. नाव नोंदवताना स्लेडची बॅच आहे का एवढं विचारून घ्या, जानेवारीच्या बॅचेस लवकर भरतात. फक्त रेस्क्यूचा एक दिवसाचा कोर्सही असतो, त्या तिसऱ्या मित्राला निदान तो तरी कराच म्हणावं, पण त्याने एएसटीची जागा भरून निघत नाही.

बाकी सविस्तर रात्री लिहितो.

---

सह्यभटका

वाचतोय. मी पुण्यात असतो, स्नोमोबाईल फक्त गुलमर्गला टुरिस्ट म्हणून पाहिलीय, पण बेसिक माउंटेनिअरिंग केलंय त्यामुळे बर्फाचं थोडं कळतं. मला एक विचारायचंय. धप्प आवाज येतो हे आम्हाला पण शिकवलं होतं, पण पायी चालणाऱ्याला तो ऐकू येतो, स्लेडवर इंजिनाच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार?

---

वजा_तीस

अगदी बरोबर मुद्दा काढलात, आणि ह्याच कारणासाठी स्लेडवाल्यांची बॅच वेगळी लागते.

स्कीवाला एक उतार चढायला दोन तास घेतो. त्या दोन तासांत पायाखालचा बर्फ कसा आहे, कुठे पोकळ वाटतोय, वारा कुठून येतोय, हे त्याला आपोआप कळत जातं. स्लेडवाला तेवढाच उतार दोन मिनिटांत चढतो. एका दुपारी तो पन्नास उतार ओलांडतो, कुठला उत्तरेकडचा, कुठला वाऱ्याने भरलेला, कुठला उन्हातला, आणि एकाही ठिकाणी पाय जमिनीला लागलेला नसतो. मशीन तुम्हाला अशा जागी नेऊन ठेवतं जिथे जायची अक्कल अजून आलेली नसते. म्हणून मुद्दाम थांबायचं, इंजिन बंद, हेल्मेट काढायचं, उतरून बर्फात चालायचं, फावड्याने एक खड्डा मारून बघायचं. छोट्या, निरुपद्रवी चढावर, जिथे सुटला तरी गुडघाभर बर्फ येईल, तिथे स्लेड आडवी कापत नेऊन बघायचं की तडे जातात का.

असा एकदम सुटणारा बर्फाचा स्लॅब काय असतो हे आपल्या लोकांना समजावणं खरं तर सोपं आहे. घराचा स्लॅब टाकल्यावर खाली सेंट्रिंग असते ना, टेकू लावलेले. बर्फातही तसंच, वर घट्ट झालेला जाड थर, आणि खाली कच्चा थर, साखरेसारखा सुटा किंवा पिसांसारख्या बर्फकणांचा. तो कच्चा थर म्हणजे टेकू. तुमच्या वजनाने एका जागचे टेकू बसले की शेजारचे बसतात, मग त्याच्या शेजारचे, आणि क्षणात सगळा स्लॅब निसटतो. म्हणून कधी कधी तुम्ही उताराच्या खाली सपाटीवर असता आणि वरचा डोंगर सुटतो. आणि ते पिसांचे कण स्वच्छ, थंड, शांत रात्री तयार होतात, आपण म्हणतो काय सुंदर दिवस, काय चकाकतंय सगळं, त्यावर पुढच्या आठवड्यात बर्फ पडला की तोच कच्चा थर गाडला जातो आणि कधी कधी कित्येक आठवडे तसाच टपून असतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

उतार किती, तर बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांत सुटतात. आणि नेमका तोच उतार स्लेडवाल्यांना हायमार्किंगला हवा असतो, म्हणजे कोण जास्त उंच चढवून वळवतो ते. वरती जिथे स्लेड वळते तिथे ती क्षणभर रेंगाळते, ट्रॅक खोल खणतो, अडीचशे किलोचं मशीन आणि माणूस, आणि त्या जागी स्लॅब बऱ्याचदा पातळ असतो. हिमस्खलनात सापडलेल्या माणसांपैकी दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं. म्हणजे नशीब वगैरे फार कमी, आपला निर्णयच जास्त. मला ह्याचा उलट धीर येतो.

---

प्रेअरी_पाटील

मी सस्काचेवानमध्ये, पंधरा वर्षं स्लेड चालवतोय, दरवर्षी दोनदा बीसीला (ब्रिटिश कोलंबियात) जातो. ताई एवढं घाबरून जाऊ नका. कोर्स वाईट नाही पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथला लोकल माणूस बरोबर घ्या जो त्या डोंगरावर लहानपणापासून फिरलाय, तो नेईल तिथून जा, ट्रॅक पडलेले असतील तिथेच चालवा. एवढं केलं तर काही होत नाही. आम्हाला पंधरा वर्षांत काही झालं नाही.

---

वजा_तीस

पाटील साहेब, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हे पटत नाही, आणि ताईंनी ते वाचून निश्चिंत होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

२८ डिसेंबर २००८, फर्नीजवळची हार्वी पास. अकरा स्लेडवाले, सगळे शेजारच्या स्पारवूड गावचे. लोकलच, अनुभवी, त्या डोंगरांत वाढलेले. पहिल्या हिमस्खलनात सात जण गाडले गेले. उरलेले चौघं त्यांना काढायला धावले, खणत असताना वरून दुसरं आलं आणि सगळेच त्यात सापडले. आठ जण गेले, तिघंच वाचले. एका छोट्या गावातली आठ माणसं. त्यांना डोंगर माहीत नव्हता असं कोण म्हणेल. पण त्या वर्षी बर्फात खोल कच्चा थर बसला होता, आणि ओळखीचा डोंगर दरवर्षी नवा बर्फ घालून येतो.

दुसरं, १३ मार्च २०१०, रेव्हलस्टोकचा बोल्डर माउंटन, म्हणजे ताईंची मंडळी जायचं म्हणतायत तिथेच. बिग आयर्न शूटआउट नावाने जमणारा स्लेडवाल्यांचा मेळावा, साधारण दोनशे लोक उताराच्या पायथ्याशी बघत उभे, वर काही जण हायमार्किंग करतायत. वरून उतार सुटला. दोघं गेले, तीसेक जखमी. तिथे ट्रॅकच ट्रॅक होते, गर्दी होती, बोल्डर तर सगळ्यांच्या ओळखीचा. ट्रॅक पडलेत म्हणून उतार पक्का असं नसतं, कधी कधी विसावी स्लेड नेमक्या नाजूक जागेवरून जाते आणि तोच उतार सुटतो.

तुम्हाला पंधरा वर्षांत काही झालं नाही ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण उतार सुटला नाही म्हणून आपला निर्णय बरोबर होता असं होत नाही, तेवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी सुटला नाही. मीही चार वर्षं असंच समजत होतो.

लोकल माणूस बरोबर असणं चांगलंच. पण त्याला विचारा की त्याने आज सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचलं का.

---

प्रेअरी_पाटील

हार्वी पासचं ऐकून होतो पण दुसऱ्यांदा आलं हे माहीत नव्हतं. विचार करायला लावलंत. बुलेटिन मी खरं सांगायचं तर फक्त रंग बघतो, पिवळा नारिंगी लाल. नारिंगी असला तरी जातो, कारण पाचातला तिसरा म्हणजे मधला ना.

---

वजा_तीस

इथेच सगळे फसतात. पाच पायऱ्या आहेत, लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. तिसरी कन्सिडरेबल, तिचा रंग नारिंगी. तीन ऐकलं की आपल्याला वाटतं पन्नास मार्क, पास झालो. पण ह्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि कन्सिडरेबलचा सरळ अर्थ असा की माणसाच्या वजनाने उतार सुटण्याची दाट शक्यता आहे. हाय आणि एक्स्ट्रीमला लोक घरी बसतात, तिसऱ्याला सगळे बाहेर पडतात, त्यामुळे जीव जाण्याच्या घटना तिथेच जास्त.

रंगाच्या खाली अर्धं पान मजकूर असतो तो वाचायचा. त्यात प्रॉब्लेम कुठला ते दिलेलं असतं. वाऱ्याने भरलेला स्लॅब असेल तर तो कड्याच्या मागच्या बाजूला, टाळता येतो. नवीन बर्फाचा असेल तर दोन तीन दिवसांत बसतो. पण पर्सिस्टंट स्लॅब (बरेच आठवडे टिकणाऱ्या कच्च्या थरावरचा) लिहिलेलं असलं, किंवा डीप पर्सिस्टंट, तर तिथे हुशारी चालत नाही, मोठे उतार सोडूनच द्यायचे आणि झाडीतल्या, हलक्या उताराच्या जागा धरायच्या. दुसऱ्या दिवसाचा अंदाज दुपारी चारला येतो, रात्री जेवताना तिघांनी मिळून वाचायचा आणि तेव्हाच ठरवायचं की उद्या कुठले उतार आपल्यासाठी बंद. सकाळी ऊन पडलं, पावडर दिसली की कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही, म्हणून रात्रीच ठरवायचं. ह्याच संस्थेच्या साइटवर अ‍ॅव्ही सॅव्ही नावाचा फुकट ऑनलाइन धडाही आहे, कोर्सच्या आधी तिघांनी तो करून जावं, वर्गात खूप सोपं जातं.

---

रात्रपाळी

मी बीसीमध्ये इमर्जन्सीत नर्स आहे. स्लेड कधी चालवली नाही, पण दुसऱ्या टोकाला काय येतं ते मी बघितलंय म्हणून लिहिते. पेशंटबद्दल काही लिहिणार नाही, सर्वसाधारणच.

लोकांना वाटतं बर्फात माणूस गारठून जातो. गारठायला वेळ लागतो, त्याआधी श्वास कोंडतो. नाकातोंडात बर्फ जातो, किंवा आपल्याच उच्छ्वासाने तोंडासमोरचा बर्फ वितळून परत गोठतो आणि त्याचा बर्फाचा मुखवटा होतो, हवा येईनाशी होते. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण जगतात, त्यानंतर आलेख कड्यावरून खाली यावा तसा पडतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे. आपल्या इथला बर्फ जड असतो त्यामुळे इथे वेळ अजून कमीच धरा. आणि इथल्या मृत्यूंपैकी साधारण चारात एक मार लागून झालेला असतो, झाडं, खडक, कडे. तिथे एअरबॅगही काही करू शकत नाही, बीकनही नाही.

म्हणून ताई, कोर्समध्ये कंटाळा येईपर्यंत खणायची प्रॅक्टिस करवून घ्यायला सांगा. लोक बीकनने चार मिनिटांत शोधतात आणि खणायला वीस मिनिटं लावतात. प्रोब लागला की तो काढायचा नाही, तिथेच ठेवायचा, आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून खाली खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने सुरू करून आडवं आत शिरायचं, एक जण पुढे फोडतो आणि मागचा बर्फ खाली ढकलत राहतो, दर एक दोन मिनिटांनी जागा बदलायच्या. अंग दिसलं की आधी तोंडाकडे जायचं. तोंड मोकळं करा, छातीवरचा बर्फ काढा, श्वास नसेल तर तिथेच, माणूस अर्धा आत असतानाच, श्वास द्यायला सुरू करा, पूर्ण बाहेर ओढेपर्यंत थांबू नका. आणि फावडं धातूचं हवं. सुटलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लास्टिकचं फावडं मोडतं.

---

सह्यभटका

बापरे. तोंड आधी मोकळं करायचं हे आमच्या कोर्सला सांगितलं होतं पण एवढं नीट आज कळलं.

आपल्याकडे अ‍ॅव्हलांच म्हटलं की सियाचेनची बातमी, किंवा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरकाशीच्या माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची तुकडी द्रौपदी का दांडा शिखरावर सापडली ते. ते सगळे शिकायलाच गेले होते. तेव्हापासून घरचे मला बर्फात पाठवायला तयार नाहीत. त्यामुळे ताईंची काळजी अगदी समजते. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन गुलमर्गला जातोय, तिथल्या स्नोमोबाईलचं काय मत?

---

वजा_तीस

गुलमर्गला पायथ्याच्या सपाटीवर फेरी मारतात तिचं आणि इथल्या डोंगरी स्लेडिंगचं नातं लावू नका, ती वेगळी गोष्ट. फक्त वर बघायची सवय ठेवा, आपण जिथे आहोत त्याच्या डोक्यावर मोठा मोकळा उतार आहे का. तिथली हिमस्खलनं जास्त करून वर अफरवटच्या बाजूला होतात, २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे एक रशियन स्कीअर गेला. वरचा भाग बंद असं सांगितलं असेल तर कोणी गाइड कितीही म्हणाला की मी नेतो, तरी जाऊ नका. बाकी आईबाबांना फिरवून आणा खुशाल.

ताई, एअरबॅगचं राहिलं होतं. एअरबॅग उपयोगी आहे, नक्की. हलत्या बर्फात मोठी वस्तू वर राहते, परातीत पोहे हलवले की शेंगदाणे वर येतात तसं, आणि बॅग फुगली की माणूस मोठा होतो. पण हँडल वेळेवर ओढावं लागतं, आणि घाबरलेल्या क्षणी हात तिकडे जायला सराव लागतो. ती बर्फ अंगावर आल्यावर कामाची. अंगावर येऊ नये यासाठी कोर्स. पैसे एकाच गोष्टीला असतील तर कोर्स, ह्यात मला अजिबात शंका नाही. पुढच्या वर्षी एअरबॅग घ्या.

अजून एक खास स्लेडवाल्यांचं, बीकन शोधायला लावला की सगळ्या स्लेडची इंजिनं बंद करायची. मोबाईल, हेल्मेटवरचा कॅमेरा, बॅटरीचे गरम हातमोजे, हे सगळं बीकनच्या सिग्नलमध्ये खरखर घालतं. पाठवायच्या मोडवर असताना वीस सेंटीमीटर लांब, शोधताना पन्नास. मोबाईल छातीच्या खिशात आणि त्याच्याच खाली बीकन, असे अर्धे लोक फिरतात.

---

निळी_शाल

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन आठवड्यांनी परत आले, काय झालं ते सांगते.

नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. काही बोलला नाही, रात्री उशिरा परत वाचत होता, हार्वी पासचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मित्रांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर मी नवऱ्याचा बीकन चालू करून लेकाच्या जुन्या टिफिनच्या पिशवीत घातला आणि घरामागच्या पार्कात, जिथे नांगरून टाकलेल्या बर्फाचे ढीग आहेत, तिथे एका ढिगात हातभर खोल पुरून आले. म्हटलं शोधा, पिशवीत माझा मुलगा आहे असं समजा.

अकरा मिनिटं लागली. फक्त शोधायला. एकाचा बीकन शोधायच्या मोडवरच जाईना, दुसरा आकडा कमी होतोय की वाढतोय ते न बघता पळत होता, प्रोब उघडताना नवऱ्याच्या हातून त्याची दोरीच निसटली. वजा पंधरा होतं, कोणी बोलत नव्हतं. पिशवी बाहेर आली तेव्हा तो तिसरा मित्र, सुट्टी नाही म्हणणारा, तिच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, बॅच कधीची आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार रविवारची स्लेडची बॅच मिळाली, चौघांची नावं दिलीत. हो, चौघांची, मीपण. मुलाला तेव्हा शेजारच्या काकू सांभाळणार आहेत. तोवर दर रविवारी पार्कात सराव चाललाय, काल साडेतीन मिनिटांवर आलो, खणणं धरून सात. रेव्हलस्टोकचं अजून ठरवलं नाही, कोर्स झाल्यावर त्या वेळचं बुलेटिन बघून ठरवू, आणि गेलो तर तिथल्याच फ्रिस्बी रिजच्या सोप्या भागात, बोल्डरला नाही.

एकच शंका राहिलीय. मला बीकन हवाय आणि एक जण जुना विकतोय, बारा तेरा वर्षांचा, एकच अँटेना असलेला, शंभर डॉलरला. घेऊ का?

---

वजा_तीस

ताई, पार्कातलं वाचून अंगावर काटा आला. साडेतीन मिनिटं फार छान.

तो बीकन घेऊ नका. आता तीन अँटेनावालाच घ्यायचा, एका अँटेनावर सिग्नल कमी-जास्त होतो त्यावरूनच शोधावं लागतं आणि नवशिक्याची वेळ जाते. शिवाय एवढ्या जुन्या यंत्राची फ्रिक्वेन्सी सरकलेली असू शकते, मग तुमचाच सिग्नल दुसऱ्यांना नीट सापडत नाही. बजेट नसेल तर कोर्सच्या वेळी बीकन भाड्याने मिळतो का ते विचारा, बरेच ठिकाणी देतात, त्यानिमित्ताने वापरून बघता येईल कुठला हातात बसतो. आणि बॅटऱ्या साध्या अल्कलाइन घाला, रिचार्जवाल्या नको, त्या शेवटपर्यंत चार्ज भरपूर दाखवतात आणि एकदम बसतात.

---

प्रेअरी_पाटील

ताई, त्याच वीकेंडच्या बॅचमध्ये अजून जागा आहे का बघून सांगता का? मी आणि माझा पुतण्या, दोन.